साडूची चकरी

माझ्या साडूनं चकरी घेतली त्या दिवशी मला ताप आलाय, असं मी घरी सांगितलं. ताप नव्हता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो सेनगावला राहायचा, मी हिंगोलीत आणि आमचे सासरे नरसीला. तिघंही सुतार. सासऱ्यांनी मला आधी चार वर्षं हाताखाली घेतलं, करवत कशी धरायची इथपासून शिकवलं आणि मग थोरली मुलगी दिली. धाकटा जावई काम दुसरीकडं शिकून आलेला होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तो मला दादा म्हणायचा, मी त्याला पाव्हणं म्हणायचो. तोवर आमच्यात काही वाकडं नव्हतं, कारण तोवर मी त्याच्या पुढं होतो.

मेहुणी पेढे घेऊन आली आणि ओसरीवर बसून सांगायला लागली. लोखंडी मेज आहे, वर जाड पत्रा आहे, पत्र्याच्या फटीतून गोल दातेरी चकती वर येते, खाली मोटार आहे. बटण दाबलं की चकती गरगर फिरते आणि लाकूड नुसतं पुढं सरकवायचं. नांदेडच्या एका फिटरकडून बनवून घेतली. मेजाचे पाय बोल्ट काढले की सुटतात, मोटार वेगळी होते, मग दोन माणसं ते सगळं उचलून एस.टी.च्या टपावर टाकतात. जिथं काम तिथं ती घेऊन जायची.

मोठी आरा मशीन हिंगोलीत होतीच. पण तिच्याकडं लाकूड गाडीत घालून न्यावं लागायचं. ही लाकडाकडं येणार होती. मला हे ऐकताक्षणी कळलं आणि हातातला अर्धा पेढा मी तसाच खाली ठेवला.

"तुमचं तोंड काहून उतरून राहिलं?" बायकोनं विचारलं.

"अंगात कसर वाटून राहिली," मी म्हटलं आणि आत जाऊन पांघरूण घेऊन पडलो. बाहेर दोघी बहिणी हसत होत्या. मी पडल्या पडल्या हिशोब करत होतो. एक रीप, म्हणजे छपराची लांब पट्टी, हातानं चिरायला मला करवतीचे किती हात मारावे लागतात? दुसऱ्या दिवशी उठून मी खरंच मोजले. शंभराच्या पुढं गेल्यावर मोजायचं सोडलं.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. लोकांच्या हातात पुन्हा काहीतरी येऊ लागलं होतं, घरं बांधली जात होती. गावोगावी विजेचे खांब पोचत होते, विहिरींवर मोटारी बसत होत्या. काम भरपूर होतं. तरी कुठं गेलो की मला त्याच्या चकरीची बातमी आधी भेटायची. सेनगावकडचा कुणी जीपवाला सांगायचा, "तुमच्या पाव्हण्यानं एका दिसात आठ चौकटी काढल्या बगा." मी म्हणायचो, "व्हय का? चांगलं हाय." आणि दिवसभर माझी करवत रेघ सोडून चालायची.

त्या उन्हाळ्यात मला कनेरगाव नाक्यावर एक मोठं काम मिळालं. मालकाचा रस्त्यावर ढाबा होता. ढाब्याच्या मागं तो नवं घर बांधत होता. सहा दारं, नऊ खिडक्या आणि कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं सगळं लाकूडकाम माझ्याकडं होतं. लाकूड बरंचसं त्याच्या जुन्या घराचं होतं. सागाच्या तुळया, चांगल्या टणक, पण खिळ्यांनी भरलेल्या. त्याला अक्षयतृतीयेला घरात जायचं होतं. महिना उरला आणि माझ्या रीपा अर्ध्यासुद्धा निघाल्या नव्हत्या. मालक रोज ढाब्यावरून टॉवेल खांद्यावर टाकून यायचा, ढिगाकडं बघायचा आणि न बोलता परत जायचा. बोलला असता तर बरं झालं असतं.

सासऱ्यांच्या कानावर हे गेलं. मला न विचारता त्यांनी सेनगावला निरोप धाडला.

एका सकाळी हिंगोलीकडून आलेली वाशिमची एस.टी. नाक्यावर थांबली आणि टपावरून दोरानं बांधलेलं मेज खाली उतरू लागलं. वर साडू उभा होता, खालून ढाब्यावरची चार-पाच माणसं हात लावत होती. कंडक्टर घाई करत होता आणि तरी तोसुद्धा वाकून बघत होता. मोटार गोणपाटात गुंडाळलेली, चकती पोत्यात, पाय वेगळे. साडू उतरला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, मामांचा सांगावा आला, तसाच निघालो."

सासऱ्यांना आम्ही दोघं मामा म्हणायचो. मी म्हटलं, "काहून तकलीफ घेतली?"

"तकलीफ कशाची? घरचंच काम की."

त्यानं अर्ध्या तासात मेज उभं केलं. पायांखाली चपट्या चिपा घालून ते डुगडुगणार नाही असं बसवलं. मालकाच्या विहिरीवरच्या पेटीतून वायर ओढून आणली. मग बटण दाबलं. आधी नुसता घूं आवाज आला, मग तो चढत गेला. त्यानं तुळईचा चिरलेला तुकडा पत्र्यावर ठेवून पुढं ढकलला आणि मला जे करायला अर्धा प्रहर लागायचा ते माझ्या डोळ्यांसमोर एका श्वासात झालं. भुसा कारंज्यासारखा उडत होता. ढाब्यावर थांबलेले ट्रकवाले जेवण सोडून बघायला आले. मालकानं चहा पाठवला. तो आधी साडूकडं गेला, मग माझ्याकडं.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या चहाचा क्रम मला आजही आठवतो.

चार दिवसांत कामाची वाटणी अशी झाली की चकरी तो चालवणार आणि मी जुन्या तुळयांतले खिळे उपटून, साफ करून त्याच्या पुढं ढीग लावणार. त्यानं असं ठरवलं नव्हतं, कुणीच ठरवलं नव्हतं. चकतीपुढं खिळा येऊन चालत नाही आणि खिळे कुठं असतात ते मला जास्त कळतं, म्हणून ते आपसूक झालं. थोरला जावई, कामाचा धनी, हातात अंबूर घेऊन दिवसभर उकिडवा बसून खिळे काढत होता. मालक काही विचारायचं झालं की त्याच्याकडं जायचा. "खिडकी किती रुंद घ्यावी?" साडू म्हणायचा, "दादांना विचारा." मालक माझ्याकडं यायचा, पण तो दुसऱ्यानं पाठवलेला यायचा.

पाचव्या दिवशी सासरे आले. सत्तरीचे होते, तरी एकटे एस.टी.नं आले होते. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या, मेजाजवळ गेले आणि साडूला एक रीप काढून दाखव म्हणाले. रीप निघाली. त्यांनी ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरून नजर टाकली, मग तळहात फिरवला. हा तळहात मला ठाऊक होता. मी पहिल्यांदा सरळ फळी चिरली तेव्हा त्यांनी असाच फिरवला होता आणि "बराबर" एवढंच म्हणाले होते. चार वर्षांत तो शब्द मी तीनदा ऐकला असेल.

ते साडूला म्हणाले, "हातानं इतकं सरळ मला जन्मात जमलं न्हाई, लेकरा."

मी अंबूर खाली ठेवलं आणि पाणी प्यायच्या निमित्तानं विहिरीकडं गेलो. तिथं बराच वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा सासरे खाटेवर बसले होते आणि चकरी चालू होती.

त्या दुपारी जी तुळई माझ्या हाताखाली आली तिच्यात एक जाड खिळा होता, बोटाएवढा. मी अंबुरानं धरला, पाय लावून ओढला आणि तो डोक्यापासून तुटला. धड आत राहिलं. असं झालं की पटाशीनं भोवतीचं लाकूड उकरायचं आणि खिळा काढायचा. अर्ध्या घटकेचं काम. मी पटाशी हातात घेतली होती. मग समोर बघितलं. साडू कुणाशी तरी हसत बोलत होता, त्याच्या केसांत भुसा होता, सासरे कौतुकानं बघत होते. मी पटाशी ठेवून दिली. तुळई उचलली, तुटलेली बाजू खाली करून त्याच्या ढिगावर ठेवली.

पुढं काय होईल ते मला माहीत होतं का? होतं. चकतीचे दात जातील, चकरी दोन दिवस बंद पडेल, एवढं मी धरलं होतं. त्या पलीकडं मी विचार केला नाही. करायचा नव्हता, म्हणून केला नाही.

ती तुळई घ्यायला त्याला तासभर लागला. त्या तासात मी सात खिळे काढले आणि सातदा वाटलं की सांगावं. एकदा तर मी उठलोसुद्धा. नेमका तेव्हाच मालक त्याला म्हणाला, "पाव्हणं, तुमी नसते तर आमी पावसाळ्यातच घरात गेलो असतो बगा." मी पुन्हा बसलो.

खणकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि तुळईचा तुकडा उसळून मागं आला. साडू दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसला. बोटांमधून रक्त येत होतं. कुणीतरी धावत जाऊन वायर ओढली. चकतीचा एक दात उडून त्याच्या भुवईत घुसला होता. डोळ्याच्या वर, अर्ध्या बोटावर.

मालकानं ट्रक थांबवला आणि त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर गेलो. वाटेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझा टॉवेल त्याच्या कपाळावर. तो म्हणत होता, "दादा, चूक माझीच हाय. लाकूड पालथं करून बघाया पाह्यजे होतं." मी त्याला बोलू नको म्हणालो. मला ते ऐकवत नव्हतं.

डॉक्टरांनी टाके घातले. डोळा वाचला होता. मी आमच्या घरी नेऊन त्याला निजवलं, बायकोला काय झालं ते सांगितलं. खरं काय ते नाही. संध्याकाळी सामान बघायला नाक्यावर परत गेलो तेव्हा सासरे मेजापाशीच बसलेले होते. मांडीवर तुळईचा चिरलेला तुकडा होता. त्यात अडकलेला खिळा त्यांनी मला दाखवला. सगळा गंजलेला, पण टोक, जिथून तो तुटला होता तिथं, पांढरंफेक चमकत होतं.

"हा आजच तुटलेला हाय," ते म्हणाले.

मी वाकून खिळ्यावर अंगठा फिरवला.

"तुला दिसला न्हाई?"

"दिसला मामा."

त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी खिळ्यासकट तो तुकडा चुलीत घालायच्या ढिगावर टाकला आणि म्हणाले, "धाकट्या पोरीला मी सांगणार न्हाई. तुझं तू बग. आन् दात तू घासून दे. तुझ्याएवढी कानस इथं कुणाची चालत न्हाई." मग चपला घालून ते शेवटच्या एस.टी.ला निघाले. मी सोडायला येतो म्हटलं तर हातानंच नको म्हणाले.

चकतीचे तीन दात गेले होते. गोल चकतीचं असं असतं की एकच दात नवा करून भागत नाही. सगळे घासून एका उंचीवर आणावे लागतात, मग नवे पाडायचे, मग एक डावीकडं एक उजवीकडं असे वाकवायचे. मी चकती दोन फळ्यांत धरून घासायला बसलो. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. प्रत्येक दातावरून हात फिरवला. काम झालं तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. ती चकती मला माझी वाटू लागली. साडू कपाळाला पट्टी बांधून नाक्यावर आला, चकती बसवली आणि म्हणाला, "दात तुमी पाडले, पहिला हात तुमीच लावा."

मी लाकूड पुढं सरकवलं. काही जोरच लागला नाही. लोणी कापावं तसं लाकूड दुभंगत गेलं आणि माझे खांदे, जे वीस वर्षं दुखत होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा नुसते उभे राहिले. मला वाटलं होतं की केल्या कर्माचा पस्तावा मला जाळेल. तो होताच. पण त्याहून जास्त मला ती चकरी हवी होती. त्याचं डोकं माझ्यामुळं फुटलं होतं, तरी मी त्याचाच हेवा करत होतो. माणूस इतका वाईट असू शकतो हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं नसतं.

अक्षयतृतीयेला मालक घरात गेला.

पुढच्या वर्षी मी माझी चकरी केली. नांदेडला गेलो नाही. त्याच्या फिटरकडं जायचं नव्हतं. हिंगोलीतच अँगल जोडून घेतले, एक जुनी पाण्याची मोटार मिळवली, मेज त्याच्यापेक्षा वीतभर रुंद केलं. मोठं करायचंच होतं. नव्या चकरीच्या पूजेला साडू आणि मेहुणी सेनगावहून आले. त्यानं चकरीभोवती फिरून बघितलं, मोटारीचा पट्टा अंगठ्यानं दाबला, म्हणाला, "जरा ढिला हाय दादा, मी बसवून देतो." आणि सदरा काढून तो खाली शिरला. भुवईवर पांढरी रेघ दिसत होती. तिथं केस आले नव्हते.

तो मेजाखालून बाहेर आला आणि मी सांगून टाकलं. त्या वेळी का, हे मला सांगता येणार नाही. "पाव्हणं, तो खिळा मला माहीत होता. मीच तो तसा ठेवला."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या दादा. मनात कुठंतरी मी त्या वाक्याच्या भरवशावरच होतो.

त्यानं हात पुसले. "माझा डोळा गेला असता."

"व्हय."

"माझी लेकरं ल्हान हायत." त्यानं सदरा घातला, नारळ फोडायचा राहिला होता तो तसाच ठेवला, बायकोला हाक मारली आणि दोघं जेवण न करता स्टँडवर गेली. माझी बायको मागं धावली. ती परतली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. तिनं वाढून ठेवलेली चार ताटं झाकली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

साडू दोन वर्षं बोलला नाही.

त्या दोन वर्षांत माझ्याकडं चकरी होती आणि तिचं सुख नव्हतं. वीतभर रुंद केलेलं ते मेज दोन माणसांना उचलेना. टपावर चढवायला चार जण लागायचे, दर वेळी ओळखीचे मिळायचे नाहीत. कंडक्टर भांडायचे. शेवटी बैलगाडी केली. सेनगावकडं माझा निभाव लागेना. तिथं लोक म्हणायचे, तुमच्या साडूची चकरी हलकी हाय, लवकर येती. मी रांधलेला हेवा मीच खात होतो.

बहिणी नरसीला, माहेरी भेटायच्या. चार-सहा महिन्यांनी एकदा बायको तिथून येताना पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी आणायची. त्याच्या दोन चकत्यांपैकी बोथट झालेली एक. निरोप नसायचा. मी दात घासून, वाकवून, तेल लावून ठेवायचो आणि ती पुढच्या खेपेला परत न्यायची. सेनगावात कानस मारणारे होते. त्यानं ती माझ्याकडं का पाठवली हे मी कधी विचारलं नाही.

मग सासरे गेले. तेराव्याच्या दिवशी आम्ही दोघं जावई एकाच ओळीत बसलो होतो. जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ आला. हात धुतलेले, ओले. म्हणाला, "सेनगावजवळ एका शाळेचं छप्पर आलंय. एका चकरीनं व्हनार न्हाई. येता का?"

"येतो."

"लाकूड मी बगीन. एकेक."

"बगा," मी म्हटलं.

शाळेच्या अंगणात दोन चकऱ्या समोरासमोर लावल्या. पहिले काही दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तो प्रत्येक फळी माझ्यासमोर उलटीपालटी करून बघायचा, मुद्दाम नाही, पण लपवूनही नाही. मी ते सोसलं. मोठ्या तुळया माझ्या रुंद मेजावर नीट बसत होत्या, त्याच्या मेजावर त्या एका बाजूला लोंबायच्या. शाळेचे हेडमास्तर बघायला आले. माझ्या मेजाला हात लावून म्हणाले, "वा, हे मशीन जास्त भारी दिसतंय. त्या लहान्यापेक्षा बरं."

मी साडूकडं बघितलं. त्याचा हात चालत होता, पण ओठ मिटले होते आणि नजर फळीवर नको इतकी खिळली होती. तो चेहरा मी आरशात पुष्कळदा पाहिला होता. एक क्षण मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग ते बरं वाटणं अंगाला चिकटल्यासारखं झालं.

"गुरुजी," मी म्हटलं, "हे त्यांचंच बघून केलंय. अक्कल त्यांची, लोखंड माझं. आन् उचलायचं म्हटलं तर ह्याच्यापायी चार माणसं लागतेत."

हेडमास्तर हसले आणि गेले. साडूनं मोटार बंद केली, घाम पुसला, माझ्या मेजाकडं थोडा वेळ बघितलं.

"पाय बदला ह्याचे," तो म्हणाला. "मागचे दोन निम्म्या जाडीचे केले तरी भार पेलतेत. उद्या करू."

दुसऱ्या दिवशी आम्ही ते केले.